राष्ट्रीय मालक संघटना नेमकं कोणाचं ऐकते? (चाळीस कामगारवाल्याचा प्रश्न)

सातपूरचा प्रेसवाला

मंडळी, विषय रुक्ष आहे, पण इथे कामगार कायद्यातले दर्दी बरेच आहेत म्हणून विचारतो.

सातपूर एमआयडीसीत माझं छोटं प्रेस शॉप आहे. स्विचगियरच्या पॅनेलला लागणारे पत्र्याचे पार्ट काढतो. मस्टरवर बेचाळीस माणसं, दिवाळीआधी ऑर्डर चढल्या की ठेकेदाराकडून आणखी दहा-पंधरा. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे) लागू झाल्या, तेव्हापासून आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक नवी पीडीएफ पडते आणि प्रत्येक पीडीएफ आदल्या दिवशीच्या पीडीएफला खोटं ठरवते.

आता आमच्या इथल्या औद्योगिक संघटनेने एक फॉर्म पाठवलाय. नियमांबद्दल सूचना लेखी द्या, आम्ही त्या राष्ट्रीय मालक संघटनेकडे पोचवू. शिवाय त्या राष्ट्रीय संघटनेचं थेट सभासद व्हा असाही आग्रह आहे, त्याची वर्गणी वेगळी. चुलतभाऊ धंद्यात भागीदार आहे. तो म्हणतो, "दादा, ती टाटा-बिर्लांची पंगत. आपल्याला तिथे वाढप्याचंही काम मिळायचं नाही."

मला खटकतं ते वेगळंच. ज्या कंपनीला माझा निम्म्याहून जास्त माल जातो, तिचे एचआरचे मोठे साहेब अशाच एका संघटनेच्या समितीवर आहेत. नाशकात चर्चासत्राला आले होते. 'उद्योगांवरचा कायद्यांचा बोजा' यावर छान बोलले, आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडून माझं बिल नव्वद दिवसांनी निघतं. छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा सांगतो ४५ दिवस. मग 'मालक' म्हणून ते आणि मी एकाच बाजूला कसे?

तर विचारायचं हे की, फिक्की, सीआयआय, असोचॅम ही नावं ऐकून आहे, त्यात ही मालक संघटना वेगळी काय करते? सरकार खरंच त्यांना विचारून कायदे करतं का? आणि माझ्यासारख्याने वर्गणी भरावी की तेवढ्यात डायला धार लावून घ्यावी?

पर्सोनेल काका

तुमच्या चुलतभावाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

मी १९८१ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका केमिकल कंपनीत पर्सोनेल ऑफिसर म्हणून चिकटलो आणि औद्योगिक संबंध याच खात्यातून निवृत्त झालो. आमची कंपनी एम्प्लॉयर्स फेडरेशन ऑफ इंडियाची सभासद होती. साहेब बैठकीला जायचे आणि मी मागे फाईल घेऊन. साहेबांना आकडे लागले की मी पुढे व्हायचं, एरवी भिंतीकडच्या खुर्चीत. त्या खुर्चीतून बरंच दिसतं.

आधी तुमचा पहिला प्रश्न. तुम्ही घेतलेली फिक्कीसारखी नावं म्हणजे चेंबर, धंदा करणाऱ्यांची संघटना. कर, आयात शुल्क, व्याजदर, वीज हे त्यांचे विषय. मालक संघटना म्हणजे माणसं कामावर ठेवणाऱ्यांची. तिचा विषय पगार, कामाचे तास, संप, कामगार कपात, पीएफ. फिक्की १९२७ ची. तिच्याच मांडवाखाली १९३२ मध्ये ऑल इंडिया ऑर्गनायझेशन ऑफ एम्प्लॉयर्स निघाली आणि पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, मुंबईत एम्प्लॉयर्स फेडरेशन. मुंबईच्या गिरणीमालकांचे पुढारी सर होमी मोदी त्यातले मोठं नाव. १९५६ मध्ये दोघींनी मिळून कौन्सिल ऑफ इंडियन एम्प्लॉयर्स केली, म्हणजे परदेशात एकाच तोंडाने बोलता यावं. सरकारी कंपन्यांची 'स्कोप' मागून आली. एक गंमत सांगतो, एम्प्लॉयर्स फेडरेशन ही १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदलेली आहे. त्या कायद्यात मालकांची युनियनही बसते. आमच्या कंपनीतल्या युनियनच्या सेक्रेटरीला हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग तुम्हीही गेट मीटिंग घ्या की!"

आता या संघटना निघाल्याच का? धंद्याच्या गरजेपेक्षा जिनिव्हाच्या गरजेपोटी, असं माझं मत आहे. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली, तिचं मुख्यालय जिनिव्हात. तिच्या परिषदेत प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी असतात. दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला कामगारांकडून आपले नारायण मल्हार जोशी गेले होते. पण हे प्रतिनिधी नेमायचे तर देशातल्या सर्वांत प्रातिनिधिक संघटनेला विचारून नेमायचे, अशी अट. म्हणजे अखिल भारतीय संघटना हवीच. १९२० मध्ये मुंबईत आयटक ही कामगार युनियनांची देशव्यापी संघटना स्थापन झाली त्यामागेही हे एक कारण होतं, आणि मालकांच्या बाजूलाही तेच घडलं, दहा-बारा वर्षं उशिरा. पुढे नवल टाटा एम्प्लॉयर्स फेडरेशनचे अध्यक्ष होते आणि जिनिव्हाच्या नियामक मंडळावर त्यांनी तीन दशकांहून जास्त काळ काढला. आमचे साहेब त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणायचे.

देशातलं टेबल मांडलं गेलं ७ ऑगस्ट १९४२ ला. दिल्लीत, अध्यक्षस्थानी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सरकार, मालक, कामगार असे तिघे एका जागी. इंडियन लेबर कॉन्फरन्सचा आजचा त्रिपक्षीय साचा तिथून सुरू होतो. या टेबलावर नुसता चहा-बिस्किटांचा खर्च झाला असं समजू नका. १९५७ च्या पंधराव्या अधिवेशनात किमान वेतन कशावर काढायचं ते ठरलं. एका कमावत्याच्या कुटुंबाचं खाणं तीन मोठ्या माणसांइतकं धरायचं, माणशी २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि वर २० टक्के इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी. मालकांच्या प्रतिनिधींनीही यावर मान डोलावली होती. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेप्टाकॉस ब्रेटच्या खटल्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यासाठी आणखी २५ टक्के घातले. वेतन संहितेच्या नियमांच्या २०२० च्या मसुद्यात हेच सूत्र आलं, फक्त वाराचे मीटर झाले.

आता भिंतीकडच्या खुर्चीतून दिसलेलं सांगतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

किमान वेतनाची समिती असते. मालकांचे आणि कामगारांचे सारखे प्रतिनिधी, शिवाय काही तटस्थ. नव्वदच्या दशकात अभियांत्रिकी उद्योगाचे दर सुधारायचे होते, तेव्हा मी साहेबांबरोबर जायचो. मालकांच्या बाजूला एका मोठ्या कंपनीचे व्हाइस प्रेसिडेंट, आमचे साहेब, आणि एक छोटे कारखानदार, लेथ आणि शेपर मिळून पंचवीस माणसांचं शॉप. मोठ्या कंपनीत अगदी झाडूवाल्याचा पगारही किमान वेतनाच्या अडीचपट. दर किती वाढतो याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता कुशल, अर्धकुशल, अकुशल या वर्गवारीत. कुठल्या हुद्द्याला कुठे टाकता, यावर त्यांचा युनियनबरोबरचा करार हलला असता. छोट्या कारखानदाराचं दुखणं उलटं. त्याला वर्गवारीचं काही नव्हतं, त्याला दर आणि परिमंडळ, म्हणजे कुठल्या भागाला कुठला दर ते. त्याचं गाव परिमंडळ दोनमध्ये राहतं की एकमध्ये ढकललं जातं, यावर त्याचं वर्ष ठरणार होतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोठ्यांनी कामगार प्रतिनिधींशी कॉरिडॉरमध्ये बोलणी केली. जेवणानंतर वर्गवारी जुनीच राहिली आणि दरावर मालकांच्या बाजूने कोणी फारसं ताणलं नाही. छोटे कारखानदार चष्मा पुसत बसले होते. पुढच्या बैठकीला ते आलेच नाहीत, कारण त्या दिवशी त्यांची डिलिव्हरी होती.

कोणी कट केला असं मी म्हणत नाही. ज्याच्याकडे कामाच्या दिवशी मुंबईला पाठवायला पगारी माणूस आहे, त्याचंच म्हणणं मालकांचं म्हणणं ठरतं. एवढं साधं आहे ते.

हेच देशपातळीवर बघा. मालक संघटनांनी चार दशकं कशासाठी जिवाचं रान केलं? औद्योगिक विवाद कायद्याच्या पाच-ब प्रकरणासाठी. आणीबाणीत, १९७६ मध्ये, नियम आला की ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपात किंवा टाळेबंदीसाठी... चुकलो, कारखाना कायमचा बंद करण्यासाठी सरकारची आधी परवानगी हवी. १९८२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा १०० वर आली. तेव्हापासून प्रत्येक निवेदनात पहिली मागणी हीच. आता औद्योगिक संबंध संहितेत पुन्हा ३०० झाली. मोठा विजय. तुमच्या बेचाळीस माणसांना त्याचा काडीचा संबंध नाही, तुम्ही १०० च्याही खाली होता आणि ३०० च्याही.

तुम्हाला जे लागतं ते दुसरीकडे ठरतं. पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर मालकांचे दहा प्रतिनिधी असतात, कामगारांच्या विम्याच्या ईएसआय महामंडळावर दहा. ही नावं मालक संघटनांकडून जातात. जुलै २०१९ मध्ये ईएसआयचा मालकाचा हिस्सा ४.७५ वरून ३.२५ टक्क्यांवर आला, तुमच्या चलनात दिसला असेल. दर ठरवतं सरकारच, पण ज्या मंडळावर त्याची चर्चा होते तिथे कोण बसलंय याकडे तुमच्यासारख्याने लक्ष ठेवायला हवं. ३०० च्या आकड्याची चर्चा पेपरवाल्यांना करू द्या.

आणि हो, इंडियन लेबर कॉन्फरन्सचं शेवटचं, ४६ वं अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झालं. त्यानंतर एकही नाही. चार संहिता संसदेत मंजूर झाल्या, लागू झाल्या, पण ते पूर्ण टेबल मांडलं गेलं नाही. सरकार म्हणतं आम्ही सगळ्यांशी वेगवेगळं बोललो. वेगवेगळं बोलणं आणि समोरासमोर बसणं यात जो फरक आहे, तो मी बघितलाय. समोर कामगार नेता बसला असेल तर मालकांचा प्रतिनिधी वाटेल ते मागत नाही.

गिरणगावातली

काका, प्रतिसाद आवडला, पण त्या टेबलाबद्दल तुम्ही फार हळवे झालात.

माझे वडील लालबागच्या गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. गिरणीमालक संघ बोलायला तयार होता, पण फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाशी, कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता त्यांना होती. कामगार उभे होते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. टेबल होतं, खुर्च्या होत्या, नियम होते. ज्याच्याशी बोलायला हवं होतं त्याला खुर्ची नव्हती. मालकांच्या संघटनेला ही सोय किती मानवली ते आम्ही चाळीत बसून बघितलंय.

आणि टेबल नसलं की मालक काय मागतात याचा पुरावा ताजा आहे. मे २०२० आठवा. लोक पायी गावाकडे निघाले होते. ८ मे ला तेव्हाचे श्रममंत्री संतोष गंगवार यांनी मालकांच्या डझनभर संघटनांबरोबर ऑनलाइन बैठक घेतली. मागण्या काय? किमान वेतन, बोनस असली देणी सोडून बाकी कामगार कायदे दोन-तीन वर्षं बासनात ठेवा आणि दिवसाचे तास बारा करा. सगळ्याच उद्योजकांना हे पटलं नव्हतं, अझीम प्रेमजींनी त्याच महिन्यात पेपरात लेख लिहून कायदे गुंडाळण्याला उघड विरोध केला. पण संघटना म्हणून आवाज गेला तो बारा तासांचा.

गुजरातने तर एप्रिलमध्येच अधिसूचना काढली होती. दिवसाला १२ तास, आठवड्याला ७२, आणि जादा तासांना दुप्पट नाही, साधाच दर. गुजरात मजदूर सभा ही युनियन कोर्टात गेली आणि १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने ती अधिसूचना रद्द केली. महामारी म्हणजे कारखाना कायद्यातली 'सार्वजनिक आणीबाणी' नव्हे, असं सांगून. आता महाराष्ट्रात बघा, सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यात ९ ऐवजी १२ तासांना आणि तिमाहीत ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत आणि कामगाराची लेखी संमती हवी, हे मान्य. पण लेखी संमती कशी मिळते ते प्रेसवाले दादांनीच सांगावं. नेमणुकीच्या पत्राबरोबरच सही घेतात ना?

मी युनियनच्या ऑफिसात काम करते, तेव्हा माझी बाजू उघड आहे. तरी एक कबूल करीन. छोट्या मालकाशी भांडण लवकर मिटतं. तो समोर असतो, त्याला कामगाराच्या बायकोचं बाळंतपण ठाऊक असतं. मोठ्या कंपनीत "वरून पॉलिसी आहे" हे वाक्य ऐकून आमचे कान किटतात, आणि ते 'वर' कुठे असतं याचा पत्ता लागत नाही. त्याचा एक मजला या राष्ट्रीय संघटनेत असतो, असं मला वाटतं.

श्टुटगार्टकर

थोडं इकडचं. मी एका मशीन टूल कंपनीत आहे. जर्मनीत मालक संघटना नुसती निवेदनं देत नाही, पगाराच्या करारावर सही करते. धातू उद्योगात एका बाजूला आयजी मेटाल ही युनियन, दुसऱ्या बाजूला मालकांच्या गेझाम्टमेटालच्या प्रादेशिक संघटना. आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये ज्यूडवेस्टमेटाल. एका प्रांतात करार झाला की बाकीचे बहुतेक तोच उचलतात. छोट्या कारखान्याचा फायदा असा की त्याला युनियनशी एकट्याने झुंजावं लागत नाही. तोटा असा की करार मोठ्यांच्या खिशाला बघून होतो. मग छोटे बाहेर पडायला लागले, तेव्हा संघटनांनी करार न पाळता सभासद राहायची सोय काढली. वकील आणि सल्ला मिळतो, करार लागू होत नाही. युनियनवाले यावर दात-ओठ खातात.

सगळ्या मालक संघटनांची शिखर संघटना बीडीए. ती स्वतः पगाराचे करार करत नाही, पण किमान वेतन आयोगावर मालकांचे तीन आणि कामगारांचे तीन प्रतिनिधी असतात, वर अध्यक्ष. २०२३ मध्ये कामगारांच्या तिघांना डावलून बहुमताने दर ठरला, त्यावरून केवढा गदारोळ झाला. २०२५ मध्ये मात्र एकमत झालं, जानेवारी २०२६ पासून ताशी १३.९० युरो आणि २०२७ पासून १४.६०.

म्हणजे गिरणगावातली ताईंचं आणि काकांचं, दोघांचंही खरं. टेबलावर बसूनही बहुमताने दाबता येतं.

सातपूरचा प्रेसवाला

सगळ्यांचे आभार. काकांच्या त्या चष्मा पुसणाऱ्या कारखानदारात मला माझे वडीलच दिसले.

ताई, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. हो, माझ्याकडेही ओव्हरटाइमच्या संमतीवर एकदमच सही घेतली जाते. पण माझ्याकडे पोरं स्वतः ओटी मागतात. दुप्पट दराने मिळतो, त्यावर त्यांचा मोटारसायकलचा हप्ता चालतो. बारा तासांची पाळी आली तर जादा चार तास रोजच्या पगारात मुरतील आणि ओटी बुडेल, ही भीती त्यांनाच जास्त आहे. हे मी कुठल्या फॉर्ममध्ये लिहू?

काका, फॉर्ममध्ये तीन रकाने आहेत: संहितेचं कलम, अडचण, सुचवलेला बदल. आमच्या बहुतेक सभासदांनी 'अनुपालन सुलभ करावे' एवढंच लिहून पाठवलंय. माझ्या डोक्यात दोन गोष्टी आहेत. एक, वेतनाची नवी व्याख्या. माझ्याकडे बेसिक आणि महागाई भत्ता मिळून पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, बाकी भत्ते. दुसरी, ठेकेदाराकडून येणारी दहा-पंधरा माणसं. आणि तिसरी खरं तर बिलाची आहे, पण ती कामगार संहितेत कुठे बसवायची?

पर्सोनेल काका

ताईंच्या संपाच्या मुद्द्यावर वाद नाही. तो कायदा मी जवळून पाहिलाय. मान्यताप्राप्त युनियनशीच बोला ही सोय मालकांना गोड लागते, आणि नव्या संहितेतही ५१ टक्केवाली एकच वाटाघाटी युनियन आहे, तेव्हा हा विषय परत डोकं वर काढणार. तूर्त प्रेसवाल्यांच्या फॉर्मकडे वळतो.

'अनुपालन सुलभ करावे' हे वाक्य दिल्लीला पोचलं की त्याचं भाषांतर होतं, 'तपासणी कमी करावी'. म्हणजे परत मोठ्यांच्याच यादीतली मागणी. म्हणून कलम, आकडा, उदाहरण हे तीनही लिहा.

वेतनाच्या व्याख्येत भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले की वरचा भाग वेतनात धरतात. तुमच्या चाळीस-साठच्या रचनेत दहा टक्के इकडे येणार. घाबरू नका. पीएफ तुम्ही १५,००० च्या मर्यादेवर भरत असाल तर कामगाराच्या हातात येणारी रक्कम कमी होत नाही, असा खुलासा श्रम मंत्रालयाने डिसेंबर २०२५ मध्ये केला आहे. ज्यांचं आत्ताचं पीएफ वेतन मर्यादेच्या खाली आहे, तिथे मात्र दोघांचाही हिस्सा वाढेल. ग्रॅच्युइटीचा बोजा वाढणार तो वाढणारच, आणि मुदतीच्या नेमणुकीवर घेतलेल्या माणसाला आता एका वर्षानंतरही द्यावी लागेल. मोठ्या संघटनांनी २०२० च्या शेवटी या व्याख्येला थांबवा म्हणून सरकारकडे धरणं धरलं होतं, म्हणजे संहिता हव्यात पण हे एक कलम नको. त्यांचं दुखणं अधिकाऱ्यांच्या गलेलठ्ठ पगारांचं होतं. तुमचं वेगळं. तेव्हा तुमच्या मस्टरवरच्या एका वेल्डरचा आणि एका हेल्परचा पगार घ्या, नाव न लिहिता, जुना हिशेब आणि नवा हिशेब शेजारी शेजारी मांडा. असा कागद शंभरात एखादाच येतो आणि जो अधिकारी निवेदन लिहायला बसतो तो आधी तोच उचलतो. मीही तेच करायचो, आयतं उदाहरण कोणाला नको असतं?

ठेकेदाराच्या माणसांसाठी काही मागू नका. ठेकेदाराच्या परवान्याची मर्यादा आता ५० माणसांची आहे आणि महाराष्ट्रात ती २०१७ पासूनच ५० होती. तुमचे दहा-पंधरा त्यात येतच नाहीत. ग्रुपवर कोणी पीडीएफ टाकून २० चा आकडा सांगत असेल तर ती पीडीएफ जुनी आहे. मात्र नेमणूक पत्र सगळ्यांना आणि चाळिशी उलटलेल्यांची वर्षातून एकदा मोफत तपासणी, हे तुम्हाला लागू आहे. तपासणी कुठे करायची, ईएसआयच्या दवाखान्यात चालेल का, खाडा धरायचा का, हे स्पष्ट करून मागा. छोट्या शॉपमधून एका दिवशी चार ऑपरेटर गेले तर प्रेस बंद राहते, हे मोठ्या कंपनीच्या लक्षातही येणार नाही, त्यांच्या आवारातच दवाखाना असतो.

ओटीचं तुम्ही लिहिलंत ते तर अवश्य लिहा. मालकाच्या फॉर्ममधून कामगाराची भीती वर गेली तर काही बिघडत नाही. वाक्य असं ठेवा: दिवसाचे ठरलेले तास ओलांडले की दुप्पट दर मिळण्याची तरतूद बारा तासांच्या पाळीतही टिकावी. तुम्हालाही ते परवडतं, कारण तुम्ही आज तेच देताय. उद्या शेजारच्याने चार तास साध्या दराने मुरवले तर त्याचं कोटेशन तुमच्याखाली जाईल.

आता बिल. ते मालक संघटनेच्या कक्षेत येत नाही, तिथे लिहिलंत तर रकाना रिकामा समजून सोडून देतील. आयकर कायद्यामुळे (१९६१ च्या कायद्यात ते ४३-ब (एच) कलम) सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर मोठ्या कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी धरता येतो. मार्चच्या आधी त्यांच्या अकाउंट्सला उद्यम नोंदणीचा क्रमांक घालून पत्र लिहा, एचआरच्या साहेबांना नको.

वर्गणीचं म्हणाल तर थेट राष्ट्रीय सभासदत्व सध्या घेऊ नका. तेवढ्या पैशात आठ-दहा शॉपनी मिळून एक कामगार कायदा सल्लागार ठेवा आणि बैठकीला त्याला पाठवा, म्हणजे तुमच्या डिलिव्हरीच्या दिवशीही खुर्ची रिकामी राहणार नाही. लघु उद्योग भारतीसारख्या छोट्यांच्या संघटना आता सरकारी चर्चांना असतात, तिकडेही त्याच कागदाची प्रत द्या. वर्षभराने तुमच्या वेल्डरचा हिशेब कुठल्या निवेदनात दिसला तर मग थेट सभासद व्हा.

हिशेबाचा कच्चा कागद इथे टाकलात तर रविवारी तपासून देतो. गिरणगावातली ताईंनीही नजर टाकावी, ग्रॅच्युइटीत त्या माझ्यापेक्षा पक्क्या असतील.

गिरणगावातली

टाका. पण हेल्परचा नव्या हिशेबातला महागाई भत्ता चालू सहामाहीच्या दराने धरा, जुन्या तक्त्याने नको. इथेच सगळे मालक हात मारतात.